आवाज ओळखीचा, गाव दाभोळ

गेल्या लग्नसराईत येथील राम आळीतील एका परिचित व्यापारी कुटुंबात मुलीचे लग्न होते. आदल्या दिवशी, आता सर्वत्र रूढ झालेल्या प्रथेप्रमाणे, संगीताचा कार्यक्रम होता. जेवणे सूर्यास्तापूर्वीच आटोपली होती आणि आम्ही ज्येष्ठ मंडळी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून तरुणाईचा उत्साह पाहत होतो. इतक्यात ‘विश्वात्मा’ चित्रपटातील ‘सात समुंदर पार’ हे गाणे सुरू झाले आणि वधूच्या मामीपासून आठ वर्षांच्या भाच्यापर्यंत सारे मंडपाच्या मध्यभागी जमा झाले. चित्रपट १९९२चा. त्या भाच्याच्या आईचाही तेव्हा जन्म झाला असेल की नाही, कोण जाणे.

शेजारी बसलेल्या कापडाच्या व्यापाऱ्यांना मी सहज विचारले, “शेठ, हे गाणे कोणाचे?”

“लताबाई असतील,” ते म्हणाले.

“नाही हो, अलका याज्ञिक,” त्यांच्या पत्नीने दुरुस्ती केली.

मागे उभ्या असलेल्या नातवाने मोबाईलमध्ये पाहून निकाल दिला, “साधना सरगम.” शेठजींनी विचारले, “या कुठल्या?” मी म्हणालो, “आपल्याच जिल्ह्यातल्या. दाभोळच्या.” त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला चांगली परिचयाची आहे. न पाहिलेल्या जमिनीचे तारण सांगणाऱ्या कर्जदाराकडे मी स्वतः चौतीस वर्षे तशाच नजरेने पाहत आलो.

त्या रात्री घरी परतताना मनात हिशेब सुरू झाला. एका गायिकेचा आवाज तीस वर्षांहून अधिक काळ घराघरांत, रिक्षांत, मंडपांत वाजतो आहे. हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू, बंगाली, गुजराती, कन्नड, मल्याळम अशा कितीतरी भाषांत तो गायला आहे. राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावावर आहे. आणि त्यांच्या जन्मजिल्ह्याच्या मुख्य गावात, भर मंडपात, नाव सांगायला मोबाईल काढावा लागतो. बँकेच्या भाषेत बोलायचे तर रक्कम जमा झाली आहे, परंतु खातेदाराचे नाव कोरे आहे. ते नाव भरण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

प्रथम गावाविषयी, कारण आपल्या वाचकांना त्यात विशेष रस वाटेल. वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ आज दापोली तालुक्यातील एक शांत गाव आहे. पण बहामनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांत त्याची गणना होई. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात येथूनच जहाजात बसून परतीच्या वाटेला लागला. इराण-अरबस्तानातून घोडे येथे उतरत, येथून कापड आणि इतर माल बाहेर जाई. इतकी संपन्न पेठ, की १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ती जाळून टाकली. आदिलशाहीच्या काळातील दगडी मशीद आणि चंडिकादेवीचे गुहामंदिर आजही त्या जुन्या वैभवाची साक्ष देतात. जहाजांबरोबर तेथे किती भाषा उतरत असतील, याची कल्पना करावी.

माझ्या पिढीच्या बँक कर्मचाऱ्यांना मात्र दाभोळ हे नाव वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिले. एन्रॉनचा वीजप्रकल्प प्रत्यक्षात खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेल परिसरात उभा राहिला; नाव मात्र दाभोळचे घेतले. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षअखेरीस अमेरिकेत कंपनीने दिवाळे काढले, आणि आपल्या देशातील वित्तसंस्थांचे मोठे पैसे अडकले. त्या दिवसांत दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी हिंदी निवेदक ‘डाभोल, डाभोल’ म्हणत आणि मला बातमीपेक्षा त्या उच्चाराचाच अधिक त्रास होई. याच २००१ या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार दाभोळमध्ये जन्मलेल्या एका मुलीला मिळाला, हे त्या गदारोळात फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

साधना घाणेकर यांचा जन्म दाभोळ येथे ७ मार्च १९६९ रोजी झाला. आई नीला घाणेकर या शास्त्रीय गायिका आणि संगीतशिक्षिका. घरात गाणे होते, ते असे. व्यापारी घरातील मूल जसे गल्ल्याशेजारी बसून नाणी ओळखायला शिकते, तसे हे मूल स्वर ओळखायला शिकले असणार. पुढे पंडित जसराज यांच्याकडे शास्त्रीय संगीताचे शिक्षण मिळाले. चित्रपटगीतांच्या तीन-चार मिनिटांत एवढ्या मोठ्या तालमीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की परक्या भाषेतील शब्द तोंडात बसवताना निदान सुरांची चिंता करावी लागत नाही. भाषेचा मुद्दा पुढे येईलच.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक वाचकाने साधनाताईंचा आवाज त्यांच्या अगदी बालवयातच ऐकलेला आहे, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हा लहानसा सचेतपट केला. दूरदर्शनवर तो पुढे वर्षानुवर्षे दाखवला गेला. पारध्याच्या जाळ्यासह उडून जाणाऱ्या पक्ष्यांची जुनी कथा त्यात आहे. संगीत वसंत देसाई यांचे. तेही मूळचे कोकणचेच. त्यातील गीताचा तो कोवळा स्वर छोट्या साधनाचा. तेव्हा त्या जेमतेम पाच वर्षांच्या असतील. आमच्या घरी दूरदर्शन संच आला तेव्हा धाकटी भावंडे ते गीत तोंडपाठ म्हणत. गाणारी कोण, हा प्रश्न त्या वेळीही आम्हाला पडला नाही.

नीलाताईंचा परिचय अनिल मोहिले यांच्याशी होता. मोहिले हे नामवंत संगीत संयोजक, आणि स्वतः संगीतकारही. संयोजक म्हणजे काय, हे थोडे समजावून सांगतो. संगीतकार चाल बांधतो. कोणते वाद्य कोठे वाजेल, गायकाच्या दोन ओळींच्या मधली जागा कशी भरली जाईल, हे संयोजक लिहून देतो. पेढीवर जसा मुनीम, तसा ध्वनिमुद्रणगृहात संयोजक: नाव मालकाचे, पण घडी त्याने बसवलेली. अशा माणसाच्या शब्दाला वजन असते. मोहिले यांनी ही मुलगी कल्याणजी-आनंदजी यांच्यापुढे नेली.

कल्याणजी आणि आनंदजी वीरजी शाह हे दोघे बंधू कच्छमधून मुंबईत आलेल्या कुटुंबातले. वडिलांचे मुंबईत किराणा दुकान. एका गिऱ्हाइकाची उधारी थकली, पैसे देण्याची ऐपत नव्हती. तो संगीत जाणणारा होता, म्हणून उधारीच्या बदल्यात त्याने वीरजीभाईंच्या मुलांना संगीत शिकवले, अशी कथा सांगितली जाते. ती ऐकताना मला नेहमी वाटते की बुडीत खात्याची इतकी उत्तम वसुली भारताच्या व्यापारी इतिहासात दुसरी झाली नसेल. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटातील बीन ही बीन नव्हती, ती कल्याणजीभाईंनी क्लेव्हायोलिन या वाद्यावर वाजवली होती. ‘सरस्वतीचंद्र’साठी त्यांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९९२ मध्ये दोघांना पद्मश्री.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचा महत्त्वाचा गुण वेगळा. नवा आवाज पारखून घ्यायचा, त्याला कामाला लावायचा आणि बाजारात त्याची पत उभी करायची, हे व्यापाऱ्याचे कौशल्य त्यांच्या अंगी होते. केदारनाथ भट्टाचार्य या बंगाली तरुणाचे ‘कुमार सानू’ हे नामकरण त्यांचेच. साधनाताईंना त्यांनी लहानपणापासून आपल्या गाण्यांत स्थान दिले. १९८२च्या ‘विधाता’मध्ये किशोरकुमार यांच्याबरोबर अनेक गायिकांनी मिळून गायलेल्या गीतात त्यांचा आवाज आहे. १९८६च्या ‘जाँबाज’मध्ये मनहर उधास यांच्यासोबत ‘हर किसी को नहीं मिलता’ आले आणि साधना सरगम हे नाव संगीतकारांच्या वर्तुळात पक्के झाले. वर ज्याने मंडप हलवला, त्या ‘विश्वात्मा’चे संगीतकार विजू शाह हे कल्याणजीभाईंचे चिरंजीव. दुकान वडिलांकडून मुलाकडे आले आणि जुन्या पेढीचा विश्वासाचा माणूसही सोबत आला.

१९९० ते १९९२ ही वर्षे पाहावीत. ‘जुर्म’मध्ये राजेश रोशन यांच्या संगीतात कुमार सानू यांच्यासह ‘जब कोई बात बिगड़ जाए’. ‘विश्वात्मा’, ‘दीवाना’ आणि ‘जो जीता वही सिकंदर’ हे तिन्ही चित्रपट १९९२चे. शेवटच्या चित्रपटातील ‘पहला नशा’, उदित नारायण यांच्यासोबतचे, हे जतिन-ललित यांचे गीत आता तिसऱ्या पिढीच्या तोंडी आहे. दुसऱ्या एखाद्या गायिकेच्या नावे एका वर्षात एवढी पुंजी जमा झाली असती, तर तिचे छायाचित्र पानपट्टीच्या दुकानातही लागले असते.

मग तसे का झाले नाही? याचे उत्तर माझ्या मते त्या काळच्या बाजारात आहे. कॅसेटचा धंदा जोरात होता. कॅसेट कंपन्या, संगीतकार आणि गायिका यांच्या जोड्या जुळलेल्या होत्या. अनुराधा पौडवाल, कविता कृष्णमूर्ती, अलका याज्ञिक या तिघींभोवती बहुतेक मोठे चित्रपट फिरत. लताबाई आणि आशाबाई तर होत्याच. साधनाताईंच्या वाट्याला चित्रपटातील आठांपैकी एखादे, फार तर दोन गाणी येत. ‘त्रिदेव’मधील एका गाजलेल्या गीतात तर त्या तीन गायिकांपैकी एक आहेत. १९९० ते १९९२ या तिन्ही वर्षांचे फिल्मफेअर अनुराधाताईंकडे गेले, आणि ते त्या गाण्यांना शोभणारेच होते. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. हिंदीतील फिल्मफेअर साधनाताईंच्या वाट्याला मात्र आले नाही.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते त्यांच्या गुणातच दडलेले आहे. बँकेत आम्ही खातेदाराची नमुना स्वाक्षरी जपून ठेवतो. धनादेश आला की ताडून पाहतो. काही गायकांचा आवाज असा असतो की पहिल्या अक्षराला स्वाक्षरी पटते. साधनाताईंचा आवाज पडद्यावरच्या नायिकेत विरघळतो. पाहणाऱ्याला वाटते, तीच गात आहे. पार्श्वगायनाचे काम खरे तर हेच. परंतु जो इतका बेमालूम मिसळतो, त्याचे नाव लोकांच्या लक्षात राहत नाही. दुकानातील तराजू अचूक असला, तर त्याच्याकडे गिऱ्हाईक कधी पाहते का?

आता दक्षिणेकडे वळतो. यात थोडा माझा स्वतःचा संबंध आहे, म्हणून वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पदोन्नतीनंतर माझी बदली मदुराई येथे झाली. घरची मंडळी येथे, मी तिकडे. तीन वर्षांत मला तमिळ किती आले, हे सांगायला संकोच वाटतो. काउंटरवरच्या शेतकऱ्याशी मी इंग्रजीत बोलत असे, तो तमिळमध्ये, आणि मधे आमचे हेड कॅशियर दुभाष्याचे काम करीत. ते सभ्य गृहस्थ होते, मला कधी हसले नाहीत. २००२च्या पोंगलला ‘अळगी’ हा तंगर बच्चान यांचा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या स्वतःच्याच कथेवर आधारित, नंदिता दास यांची भूमिका असलेला, संगीत इळैयराजा यांचे. शाखेसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यातील ‘पाट्टु सोल्ली’ हे गाणे दिवसातून चार वेळा वाजे. अर्थ कळत नसे, पण पेला हातात तसाच राहत असे. एकदा हेड कॅशियर म्हणाले, “सर, हे गाणारी बाई तमिळ नाही, ठाऊक आहे? मुंबईची आहे. साधना सरगम.”

“मुंबईची नव्हे,” मी म्हणालो, “माझ्या जिल्ह्यातली. माझी मातृभाषा तीच तिची.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. पण ‘मग तुम्हाला तीन वर्षांत इडलीवाल्याचा हिशेब का विचारता येत नाही’ हा प्रश्न त्या नजरेत होता, आणि तो रास्त होता.

परक्या भाषेत गाणे म्हणजे नेमके काय, याचा मी तेव्हापासून विचार करू लागलो. दुसऱ्या भाषेतले गीत गायचे असेल तर गायक ते सहसा आपल्या परिचयाच्या लिपीत उतरवून घेतात. येथेच पहिली अडचण येते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे. च-वर्गाला एक, त-वर्गाला एक, प-वर्गाला एक. शब्दात ते अक्षर कोठे आले आहे, यावरून उच्चार ठरतो. तमिळ माणसाला तो आपोआप कळतो, आपल्याला कोणीतरी सांगावा लागतो. देवनागरीत लिहिताना प्रत्येक ठिकाणी निर्णय करावा लागतो: येथे ‘क’ की ‘ग’, ‘त’ की ‘द’. एक अक्षर चुकले की ऐकणाऱ्याला ते खड्यासारखे लागते. त्या काळात उत्तरेकडील गायकांच्या तमिळ उच्चारांवर तिकडे बरीच टीका होत असे, ती मी स्वतः टपरीवर ऐकली आहे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तमिळमध्ये ‘ल’च्या घरात तीन भावंडे आहेत. एक आपला साधा ‘ल’. दुसरा आपला ‘ळ’, जो इळैयराजांच्या नावात आहे. हिंदी वृत्तपत्रे त्यांना ‘इलैयाराजा’ करतात, कारण प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. तिसरे भावंड मात्र तमिळ आणि मल्याळम या घरांचे खास. जीभ ‘ळ’साठी वळवतो तशी मागे वळवायची, पण टाळूला लावायची नाही, मधल्या पोकळीतून स्वर सोडून द्यायचा. ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी तोच वर्ण आहे, आणि ‘अळगी’ या चित्रपटाच्या नावातही तोच. आपण मराठीत दोन्हीसाठी ‘ळ’ लिहून भागवतो. तरीही मराठी माणूस तीनपैकी दोन भावंडे घरून घेऊन निघतो, ही केवढी सोय! ‘ण’ही आपल्याकडे ठसठशीत आहे. दाभोळ, राम आळी, गुळाची ढेप, जांभूळ, फणसाची पोळी: लहानपणापासून जिभेला हे वळण लागलेले असते. त्याला जसराजजींच्या तालमीतला कान मिळाला, की तिसऱ्या भावंडाची ओळख करून घेणे अशक्य राहत नाही. अर्थात सोय मलाही होती. मी ती वापरली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. हेड कॅशियर सकाळी वृत्तपत्राची घडी माझ्या टेबलावर ठेवून गेले. सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिका: साधना सरगम, ‘अळगी’मधील त्याच गाण्यासाठी. सर्वोत्कृष्ट पार्श्वगायक: उदित नारायण, ‘लगान’ आणि ‘दिल चाहता है’ या चित्रपटांतील गीतांसाठी. ‘पहला नशा’ गाणारे दोघे दहा वर्षांनी एकाच यादीत, एक हिंदीसाठी आणि एक तमिळसाठी! त्या दिवशी दुपारी मी शाखेतील सर्वांना म्हैसूरपाक वाटला. कोणाच्या यशाचा, आणि वाटणारा कोण!

याच सुमारास ए. आर. रहमान यांच्याकडेही त्या गात होत्या. मणिरत्नम यांच्या ‘अलैपायुदे’ (२००० साली आलेला) मधील ‘स्नेहिदने’ हे गीत त्यांचे. तेच गीत तेलुगूत ‘सखी’ या चित्रपटातून आले, तेव्हाही गायिका त्याच. २००२ मध्ये हिंदी ‘साथिया’ निघाला आणि त्याच चालीवर गुलजार यांचे ‘चुपके से’ आले. आवाज पुन्हा साधनाताईंचा. चाल एक, भाषा तीन, गायिका एक. एरवी भाषा बदलली की गायिका बदलण्याची रीत आहे. मूळ तमिळ शब्द वैरमुत्तू यांचे. तमिळ आणि हिंदी, दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐकून पाहावीत. तमिळमध्ये व्यंजनांची द्वित्ते आहेत, त्यामुळे ओळ थोडी ठुमकत चालते. हिंदीत तीच ओळ सरळ वाहते. आवाजाने दोन्हीकडे त्या त्या भाषेची चाल धरलेली आहे. मला हे संगीताचे नव्हे, सौजन्याचे लक्षण वाटते. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्यांच्या रीतीने बसावे, तसे. पुढे दीपा मेहता यांच्या ‘वॉटर’मध्ये आणि कमल हासन यांच्या ‘दशावतारम’मध्येही त्यांची गाणी आहेत, पण यादी वाढवण्यात अर्थ नाही.

आपल्या वाचकांना हे सौजन्य नवे नाही. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वरांच्या पायांशी चामुंडरायाविषयीचे लेख कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कोरलेले आहेत. मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांत त्याची गणना होते. तमिळमधील ‘जीवकचिंतामणी’ हे महाकाव्य तिरुत्तक्कदेवर या जैन मुनींचे. जेथे जावे तेथली भाषा आपली करावी, ही परंपरा साधूंची, आणि त्यांच्या मागोमाग जाणाऱ्या व्यापाऱ्यांचीही. माझ्या नोकरीच्या प्रारंभी कोकणातील ज्या पेढ्यांशी संबंध आला, तेथील वडीलधारे घरी कच्छी, मारवाडी किंवा गुजराती बोलत, चोपडी गुजरातीत लिहीत, आणि दुकानात आलेल्या कुणब्याशी असे अस्सल संगमेश्वरी बोलत की ऐकत राहावे. आज त्याच घरांतील नातवंडे तिन्ही भाषांत अडखळतात आणि इंग्रजीत सुटका करून घेतात. माझ्या घरीही निराळे चित्र नाही.

एक गोष्ट हिशेबाची, सवयीने सांगतो. गायकाला पूर्वी गाण्याचे मानधन एकदाच मिळे. पुढे ते गाणे लाख वेळा वाजो, त्याच्या खात्यात काही येत नसे. साठच्या दशकात लताबाईंनी या रॉयल्टीचा आग्रह धरला. महंमद रफी यांचे मत निराळे होते, आणि त्या मतभेदामुळे दोघांनी काही काळ एकत्र गाणे थांबवले, हे सर्वश्रुत आहे. गाण्याच्या व्यापारी वापरातून गायकाला वाटा मिळण्याची कायदेशीर तरतूद अखेर २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने आली, आणि पुढल्या वर्षी गायकांच्या हक्कांसाठी संस्थाही उभी राहिली. साधनाताईंची बहुतेक गाजलेली गाणी त्याच्या कितीतरी आधीची. ज्याचे नाव माहीत नाही, त्याचा वाटा कोण विचारणार? शेठजींच्या मंडपातील प्रश्न म्हणूनच मला केवळ सामान्यज्ञानाचा वाटत नाही.

मराठीचे काय, असे कोणी विचारील. २००६च्या ‘आई शप्पथ’ या चित्रपटात सौमित्र यांचे शब्द आणि अशोक पत्की यांचे संगीत असलेले ‘दिस चार झाले मन’ हे गाणे अवश्य ऐकावे. इतक्या भाषांतून फिरून आलेला आवाज आपल्या भाषेत येतो तेव्हा किती सैल, किती निवांत होतो, ते त्यात कळते. माझी पत्नी सकाळी देवपूजा आटोपल्यावर ते गाणे लावते. मी त्या वेळी वृत्तपत्र बाजूला ठेवतो.

मदुराईचे ते हेड कॅशियर माझ्यासारखेच निवृत्त झाले. दरवर्षी पोंगलला त्यांचा दूरध्वनी येतो. काही वर्षांपूर्वी ते सपत्नीक रत्नागिरीस आले. टिळकांचे जन्मस्थान पाहिले, थिबा राजवाडा पाहिला, गणपतीपुळ्याला जाऊन आले. मग म्हणाले, “सर, त्या गाण्याचे गाव दाखवा.” आम्ही चौघे जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरलो, गुहागर ओलांडून धोपाव्याच्या धक्क्यावर आलो. समोर खाडीपलीकडे दाभोळ दिसत होते. तिकिटाच्या खिडकीशी मी पुढे झालो, तर त्यांनी मला हाताने मागे सारले. खिशातून नोट काढली, खिडकीत वाकले आणि म्हणाले, “दाभोळ. चार.”

‘ळ’ स्वच्छ होता, जीभ टाळूला लावून उच्चारलेला. खिडकीतल्या मुलाने मान वर न करताच तिकिटे फाडली आणि म्हणाला, “काका, सुटे बघा ना असतील तर.”